वाकडी लागलेली पट्टी

बाबा,

तुम्हाला जाऊन एकोणीस वर्षं झाली. या एकोणीस वर्षांत मी तुमच्याविषयी किती ठिकाणी बोलले याची गणती नाही, पण तुमच्याशी एकदाही बोलले नाही. व्यासपीठावर तुम्ही माझ्या फार उपयोगी पडलात. भाषण रेंगाळायला लागलं, मागच्या रांगेतली माणसं मोबाइल काढायला लागली, की मी तुम्हाला पुढे करते. आगाशीच्या बाजारातलं तुमचं ॲम्प्ली-स्पीकर बनवायचं दुकान, सोल्डरिंगच्या राळेचा धूर, कानात खोचलेली पेन्सिल, आणि मग ते तुमचं वाक्य. सभा गप्प होते. बायका पदराने डोळे टिपतात. मी पाण्याचा घोट घेते आणि त्या शांततेचा अंदाज घेते, तुम्ही स्पीकरच्या नवीन खोक्याचा आवाज जोखायचात तसा. गेल्या रविवारीही तसंच झालं. म्हणून आज, घरात कुणी नसताना, स्वयंपाकघरातल्या टेबलावर हे लिहायला बसले आहे.

तुम्हाला आठवत असेल, तुम्ही ॲम्प्ली बनवून झाला की त्यावर गाणं लावत नव्हतात. बाजारातले बाकीचे लोक गाणंच लावायचे, तेही धडधडणारं, म्हणजे गिऱ्हाईक खूश. तुम्ही म्हणायचात, गाणं सगळं झाकतं, बोलणं काही झाकत नाही. मग शाळेतून आलेल्या मला माइकसमोर उभं करून हातात वर्तमानपत्र द्यायचात आणि स्वतः रस्ता ओलांडून समोरच्या किराणावाल्याच्या पायरीवर जाऊन बसायचात. मी अग्रलेख वाचायची. अर्ध्याहून जास्त शब्द मला कळत नसत. किराणावाला म्हणायचा, तुमची पोरगी आम्हाला दिल्लीच्या बातम्या सांगते आणि माझं गिऱ्हाईक पळवते. तुम्ही डोळे मिटून ऐकत असायचात आणि मधूनच तिथून ओरडायचात. ‘श’ फाटतोय. श्वास ऐकू येतोय, मागे हो. आणि सगळ्यात जास्त वेळा, वाक्याचा शेवट खातेस. तो दोष ॲम्प्लीचा नव्हता, माझा होता. वाक्य संपत आलं की माझा आवाज खाली जायचा, शेवटचे दोन शब्द तोंडातच राहायचे. एकदा तुम्ही रस्ता ओलांडून आत आलात, माझ्या हातातलं वर्तमानपत्र घडी करून बाजूला ठेवलंत आणि म्हणालात, “लोक एवढं ऐकतात ते शेवटासाठी. तोच गिळलास तर आधीचं कशाला बोललीस?” पुढे मी शेकडो पुस्तकं वाचली, मोठमोठ्या वक्त्यांना ऐकलं, पण बोलायला मी त्या दुकानात शिकले.

त्या दिवसांतच तो व्यापारी आला होता. मी तेव्हा दहावीत होते. मुंबईच्या बाजारातून आला होता, सफारी घातलेला. तुमचे दोन सेट त्याने ऐकले, मान डोलावली आणि खिशातून एक कागदाची पुडी काढून टेबलावर ओतली. चकचकीत धातूच्या पट्ट्या होत्या, बोटाएवढ्या, प्रत्येकीवर एका परदेशी कंपनीचं नाव. म्हणाला, तुमचा माल एक नंबर आहे, फक्त समोर हे लावा, जेवढे बनवाल तेवढे उचलतो. तुम्ही एक पट्टी उचलून उजेडात धरलीत, कारागिरी बघितलीत, परत ठेवलीत आणि म्हणालात, “माझ्या हाताखालून गेलेल्या वस्तूला दुसऱ्याच्या बापाचं नाव कशाला लावू?” व्यापारी हसला, पट्ट्या राहू द्या, विचार बदलला तर निरोप द्या म्हणाला. विचार बदलला नाही. पट्ट्या तंबाखूच्या रिकाम्या डबीत घालून तुम्ही खणात टाकून दिल्यात. याच वाक्यावर माझं भाषण संपतं, बाबा. आपण बनवलेल्या वस्तूला दुसऱ्याच्या बापाचं नाव कशाला. टाळ्या इथेच पडतात. त्या डबीतली एक पट्टी पुढे कुठे गेली, हे मी कुठल्याही सभेत सांगितलं नव्हतं.

माझं लग्न ठरलं तेव्हा मी कॉलेजात शिकवायला लागले होते आणि बोलणारी म्हणून वसईत चार माणसं ओळखत होती. मी जाहीर केलं, हुंडा नाही, मानपान नाही, आंदण नाही. एक भांडं द्यायचं नाही. आई रडली. तुम्ही वाद घातला नाहीत. एवढंच म्हणालात, मी हाताने केलेली एक वस्तू देईन, तेवढी घे. चार महिने तुम्ही तो सेट बनवत होतात. खोके सागाचे, कोपरे आतून चिकटवलेले, कुठे खिळा दिसत नव्हता. ट्रान्सफॉर्मर तुम्ही स्वतः गुंडाळलात, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाहीत. आणि ॲम्प्लीची समोरची ॲल्युमिनियमची पट्टी घेऊन तुम्ही गेलात बाजारातल्या भांडीवाल्याकडे, भांड्यांवर नाव घालून घ्यायला. आपल्याकडे आंदणाच्या हंड्यावर, ताटांवर नाव घालतात ना, तसं. त्याने त्याचं ते टर्रर करणारं यंत्र चालवून ठिपक्याठिपक्यांची अक्षरं काढली, डाव्या कोपऱ्यात, आवाजाच्या बटणाच्या अगदी वर. ‘चि. लेकीस, बाबांकडून.’ घरी आणून दाखवलीत तेव्हा तुमचा चेहरा मला आठवतो. एवढा आनंद मी तुमच्या चेहऱ्यावर माझ्या पदवीच्या दिवशीही पाहिला नव्हता.

मला लाज वाटली. हे लिहायला मला तीस वर्षं लागली. हसू आलं असतं तर चाललं असतं, पण मला लाज वाटली. विरारच्या नव्या फ्लॅटमध्ये, सासरच्या माणसांसमोर, काचेच्या शोकेसशेजारी तो सेट ठेवला आणि मला त्या ठिपक्यांच्या अक्षरांशिवाय काही दिसेना. पातेल्यावरची अक्षरं. शेजारच्या घरात आखातातून आणलेला काळा, चपटा, निळे दिवे लुकलुकणारा सेट होता. आमच्याकडे येणारा प्रत्येक जण वाकून वाचायचा आणि म्हणायचा, अरे, वडिलांनी बनवलाय वाटतं. त्या ‘वाटतं’मध्ये काही वाईट नसायचं. मला मात्र ते टोचायचं. ह्यांचे मामा परदेशातून यायचे होते, त्यांना जेवायला बोलावलं होतं, तुम्हालाही. त्याच्या आठवडाभर आधी मी माहेरी आले, तुम्ही घाटावरच्या गिऱ्हाईकाकडे गेला होतात, आणि मी खण उघडून तंबाखूच्या डबीतून एक पट्टी घेतली. ती अक्षरांवर बरोबर बसत होती. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून मी ती बसवली. त्याच आठवड्यात वसईच्या सभागृहात माझं भाषण होतं, देशी कारागिरांवर. माइक तुमचा होता. तुम्ही शेवटच्या रांगेत खुर्ची टाकून आवाज सांभाळत होतात.

मामा जेवायच्या आधीच सेटकडे वळले. कॅसेट लावली, बटणं फिरवली, पट्टी वाचली. म्हणाले, बघा, याला म्हणतात आवाज, ही बारकी घंटासुद्धा कशी सुटी ऐकू येते. आपल्याकडे शंभर वर्षं हे जमायचं नाही. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं, मी वाटीत आमटी वाढत राहिले. मग मामा तुमच्याकडे वळले. तुम्ही खुर्चीच्या कडेवर बसला होतात, मांडीवर पेढ्यांचा पुडा, अजून कुणी तुमच्या हातातून घेतलाही नव्हता.

“तुम्ही याच लाइनीतले ना? मग तुम्हीच सांगा.”

तुम्ही सेटकडे पाहिलंत. मग एकदा माझ्याकडे. फार वेळ नाही. आणि म्हणालात, “चांगलं काम असतं त्यांचं. मन लावून करतात.”

मामा म्हणाले, हा खरा जाणकार. सगळे जेवायला बसले. तुम्ही दोन वेळा भात मागून घेतलात. मला वाटतं, मला वाईट वाटू नये म्हणून.

जेवणानंतर सगळे मामांना गच्चीवरून समुद्र दाखवायला वर गेले. मी भांडी आवरायचं निमित्त करून मागे राहिले, तुम्हीही राहिलात. मला वाटलं, आता तुम्ही बोलाल. मी मनात उत्तरं जुळवत होते, मी वाद जिंकणारी बाई होते. तुम्ही पिशवीतून चष्मा काढलात, खिशातून नेहमीचा टेस्टर काढलात, सेटसमोर खाली बसलात आणि पट्टीच्या कडेखाली टेस्टर घालून ती अलगद सोडवलीत. माझ्याच्याने बघवेना. मी खिडकीकडे तोंड करून उभी राहिले. मागे तुमची खुडबुड चालली होती, कात्रीचा आवाज, डिंकाच्या नळीचं टोपण. वळून पाहिलं तर तुम्ही अंगठ्याने पट्टी दाबून धरून बसला होतात. ती तुम्ही परत तिथेच लावली होती, सरळ, एका रेषेत.

“वाकडी लागली होती,” तुम्ही म्हणालात. “बघणाऱ्याच्या लक्षात येतं.”

दारात चपला घालताना सांगितलंत, आवाज कमी ठेवा, स्पीकरचा कागदी पडदा नवा आहे, महिनाभर सैल होऊ दे. त्यानंतर तुम्ही दहा-अकरा वर्षं होतात. कितीदा आलात, त्या सेटसमोर बसून चहा प्यायलात. तो विषय तुम्ही काढला नाहीत आणि मी तुम्हाला काढू दिला नाही.

तुम्ही गेलात आणि मी तो सेट माळ्यावर टाकला. कारण सांगायला सोपं होतं, कॅसेटी संपल्या होत्या. त्याच्या जागी बाहेरच्या कंपनीचा सेट आला, तो जुना झाला तसा दुसरा आला, मग टीव्हीखाली ठेवायची ती साउंडबारची लांब पट्टी आली, तीही बाहेरचीच. घरात हे येत होतं आणि बाहेर मी बोलत होते. माझं बोलणं खोटं होतं असं मला आजही वाटत नाही. आपल्या हातांना कमी लेखणारा समाज दुसऱ्याच्या दाराशी उभा राहतो, हे मी रक्त आटवून सांगते आणि मला ते पटतं. म्हणूनच हे जास्त वाईट आहे. पटत नसतं तर मी नुसती ढोंगी ठरले असते.

या पावसाळ्यात ती टीव्हीखालची पट्टी बंद पडली. हे म्हणाले, आता तरी भाषणातलं घरात आण. नंदाखालला एक जण स्पीकर बनवतो म्हणे, केळीच्या वाडीत. चेष्टेत म्हणाले, पण मला ते लागलं आणि मी गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी आपल्याकडे बनलेला स्पीकर विकत घ्यायला निघाले होते, तेही साठीच्या उंबरठ्यावर. वाडीच्या टोकाला पत्र्याची शेड. आत तिशीतला मुलगा, अंगावर लाकडाचा भुसा. शेडच्या दारात त्याची आई केळीची पानं पुसत बसली होती. तिने विचारलं, पानी देऊ का, बाय? आणि मुलगा मला बघून हातातलं काम टाकून उभाच राहिला.

त्याने मला ओळखलं होतं. कॉलेजात असताना माझं भाषण ऐकलं होतं, पट्ट्यांचं. मुंबईत ध्वनिमुद्रणाच्या स्टुडिओत नोकरी करत होता, ती सोडून दोन वर्षांपूर्वी हे सुरू केलं. मित्रांनी, माल विकणाऱ्यांनी, सगळ्यांनी सांगितलं, जर्मन वाटेल असं काहीतरी नाव ठेव. त्याने प्रत्येक खोक्यावर समोर देवनागरीत ‘नंदाखाल’ लिहिलं. मित्र म्हणाले, नंदाखाल लिहिलेल्या खोक्यातून लोक केळी घेतील. तो हसत सांगत होता. मग हसणं थांबवून म्हणाला, मॅडम, दोनदा मी ते जर्मन नाव छापायला टाकणार होतो, दोन्ही वेळा तुमच्या बाबांचं वाक्य आठवलं. आवाज छान होता, बाबा. मी त्याला बोलणं लावायला सांगितलं, तसा तो चमकला. लगेच बातम्या लावल्या. ‘श’ फाटत नव्हता. मी घ्यायचा ठरवला. निघताना त्याने विचारलं, बाबांचा एखादा सेट असेलच ना तुमच्याकडे? रविवारी शेडची छोटीशी पूजा आणि प्रार्थना आहे, दोन्ही, तुम्ही बोलायला या आणि तो सेट आणा, पहिला मान त्याला. मी नाही म्हणू शकले असते. सेट राहिला नाही म्हटलं असतं तर त्याने ते खरं मानलं असतं. पण त्याची आई माझ्याकडे बघत होती. मी हो म्हटलं.

शनिवारी सकाळी माळ्यावरून सेट उतरवला. ओल्या फडक्याने पुसला. पट्टी तशीच होती, सरळ. मला वाटलं होतं, तुमचा हात लागलाय म्हणजे ती आता निघायची नाही, तासावी लागेल. मी सुरीचं टोक कडेखाली घातलं आणि ती टक्कन सुटून माझ्या हातात आली. तुम्ही डिंक फक्त चार कोपऱ्यांत लावला होतात, मोहरीएवढे चार ठिपके. मधे पेढ्यांच्या पुड्यातला तो तुपकट पांढरा कागद होता, अक्षरांच्या मापाने कापलेला, अक्षरांना डिंक लागू नये म्हणून. कात्रीचा आवाज त्याचा होता. ॲम्प्लीची समोरची ॲल्युमिनियमची पट्टी बाकी सगळी काळवंडली आहे आणि त्या कागदाखाली ‘चि. लेकीस, बाबांकडून’ काल भांडीवाल्याकडून आणल्यासारखं लखलखीत. म्हणजे ती कधीतरी मी काढणार, हे तुम्ही धरून चालला होतात.

रविवारी त्या मुलाने सेट उघडला, आतले सुकलेले दोन-तीन भाग बदलले, बाकीचं बघून नुसती मान हलवत राहिला. म्हणाला, मॅडम, आज तुम्ही यातूनच बोला. माइक तुमच्या ॲम्प्लीला जोडला. शेडमध्ये साठेक माणसं होती, वाडीतली, चर्चमधली, आगाशीचीही काही. मी नेहमीचं भाषण सुरू केलं. दुकान, राळ, व्यापारी, पट्ट्या, ते वाक्य. टाळ्या पडल्या. नेहमी मी तिथे थांबते. त्या दिवशी मी हात वर करून टाळ्या थांबवल्या आणि पर्समधून पट्टी काढून सगळ्यांना दाखवली. सांगितलं, यातली एक मी चोरली आणि माझ्या बापाच्या नावावर चिकटवली, तीस वर्षं ती तिथे होती, काल काढली. शेड एकदम शांत झाली. असली शांतता मी आयुष्यात मिळवली नव्हती. खरं सांगते, त्या क्षणीही माझ्यातल्या बोलणारीने ती चाखली.

मग त्या मुलाच्या आईने, पुढच्याच रांगेतून, घरात विचारावं तसं विचारलं, “मंग बापाला समजलं का, बाय?”

खरं उत्तर माझ्या जिभेवर होतं. तुम्ही त्याच खोलीत होतात, तुम्ही माझ्यासाठी मामांसमोर खोटं बोललात, आणि माझं पाप तुम्ही तुमच्या हाताने सरळ करून दिलंत. एवढंच सांगायचं होतं.

मी म्हटलं, “नाही. त्यांना कधीच कळलं नाही.”

म्हातारीने सुस्कारा सोडला, बरं झालं म्हणाली. मग टाळ्या सुरू झाल्या, उभं राहून. तो मुलगा रडत होता. बाहेर पडताना एका शिक्षकांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, असं खरं बोलायला धैर्य लागतं.

नवा सेट घरी आला आहे. समोर ‘नंदाखाल’ लिहिलंय, येणारे वाकून वाचतात, मी त्यांना वाचू देते. तुमचा सेट त्या मुलाकडे शिकायला ठेवला आहे. पट्टी अजून माझ्या पर्समध्ये आहे, घराची किल्ली काढताना बोटाला लागते. हा लिहिलेला कागद कुठे ठेवायचा ते मला कळत नाही. त्या म्हातारीला नेऊन द्यावा असं आज सकाळपासून वाटतंय, आणि मी जाणार नाही हेही माहीत आहे. तुम्ही म्हणायचात, बोलणं काही झाकत नाही. बाबा, तुमच्याच ॲम्प्लीतून मी ते ‘नाही’ म्हटलं. अगदी स्वच्छ आलं, मागच्या केळींपर्यंत. काही फाटलं नाही, श्वाससुद्धा ऐकू आला नाही. फक्त शेवट मी परत खाल्ला.